अधिकाराविना नेतृत्व

व्यापारी कुटुंबांतील अनेक मुले-मुली आज पुण्या-बेंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ म्हणून काम करीत आहेत. पदनामात ‘मॅनेजर’ असले तरी हे पद पेढीच्या मालकीहून अगदी भिन्न आहे. पेढीवर मुनीमजी शेठजींचा शब्द झेलतात, कारण पगार त्यांच्याच हातून होतो. प्रॉडक्ट मॅनेजरला अभियंते, डिझायनर व विक्री विभाग या साऱ्यांकडून काम करून घ्यायचे असते. पण त्यांपैकी बहुधा कोणीच त्याच्या हाताखाली नसते. उत्पादन फसले तर जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो.

या पदाचे मूळ बरेच जुने आहे. १९३१ साली अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत ‘कॅमे’ साबणाच्या जाहिरातीचे काम पाहणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी एक टिपण लिहिले. प्रत्येक ब्रँडची जबाबदारी वाहणारी स्वतंत्र माणसे असावीत, ही त्यातील सूचना. प्रॉडक्ट मॅनेजरचा उगम तेथेच मानला जातो.

अधिकाराची उणीव भरून काढते ती भावनिक बुद्धिमत्ता. पीटर सॅलोवे व जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही संकल्पना मांडली. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती सर्वतोमुखी केली. गोड बोलणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता नव्हे. स्वतःचा राग व भीती वेळीच ओळखणे, त्यांना आवर घालणे आणि समोरच्याची मनःस्थिती जाणून मग बोलणे, हे तिचे खरे स्वरूप होय.

समजा, अभियंता म्हणाला, “हे काम या महिन्यात होणार नाही.” “वरून आदेश आहे,” असे उत्तर दिले की संवाद तेथेच संपतो. “नेमके कुठे अडते आहे?” असे विचारले, तर अडचण उलगडते, कित्येकदा निम्म्या कामातच ग्राहकाची गरज भागते, हेही ध्यानात येते. विक्री विभागाला नकार देतानाही कारण सांगितले, तर नकार पचतो. यश मिळाले की श्रेय सहकाऱ्यांच्या नावे जमा करावे. पुढच्या कठीण प्रसंगी तीच पत कामी येते.

ग्राहकाविषयीची सहवेदना तर थेट उत्पादनातच उतरते. हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या खेळाडूंसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ साली ‘एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणला. अशा व्यक्तींना वस्तूंची खोकी पुष्कळदा दातांनी उघडावी लागतात, हे जाणून त्याचे खोकेही दात न लावता सहज उघडेल असे घडविण्यात आले.

गिऱ्हाइकाचा चेहरा वाचण्याची विद्या व्यापाऱ्याच्या मुलांना दुकानातच मिळालेली असते. तीच नजर त्यांनी सहकाऱ्यांकडेही वळवावी. गादीवरचा हुकमी स्वर तेवढा मागे ठेवावा. आणि याची पहिली शाळा घरच असल्याने, जेवणाच्या पंगतीत मुलांचे बोलणे मध्येच न तोडता पूर्ण ऐकून घेण्याचा परिपाठ वडीलधाऱ्यांनी घालून द्यावा.