पगडी उतरलेला सेनापती

इसवी सन 638 मध्ये सीरियातील अरब सैन्यासमोर एक विलक्षण प्रसंग घडला. भर सभेत, सरसेनापती अबू उबैदा व्यासपीठावर बसलेला असताना, एका सेनानीच्या डोक्यावरील टोपी उतरविण्यात आली, त्याच्याच पगडीने त्याला बांधण्यात आले आणि एकच प्रश्न विचारण्यात आला. अश्अस बिन कैस या सरदाराला बक्षीस दिलेले दहा हजार दिरहम कोठून आणले? स्वतःच्या मिळकतीतून की लुटीच्या सार्वजनिक ठेवीतून? मदीनेहून खलिफा उमरने पाठविलेल्या आज्ञेत पळवाट ठेवलेली नव्हती. पैसा स्वतःचा असेल तर ती उधळपट्टी, ठेवीतला असेल तर अफरातफर. दोन्ही प्रकारे पदावरून दूर करावे, असा हुकूम होता. बांधणारा होता बिलाल, एके काळचा हबशी गुलाम. बांधला जाणारा होता खालिद बिन वलीद, मक्केतील बड्या घराण्याचा पुत्र, दोनच वर्षांपूर्वी यर्मूकच्या रणांगणावर रोमन सम्राटाची सेना मोडणारा योद्धा. पैसा आपलाच, असे उत्तर त्याने दिले. त्याला सोडण्यात आले, पगडी पुन्हा डोक्यावर चढली; पद मात्र परत मिळाले नाही.

खालिदवर आजवर अमाप लिहिले गेले. त्या लेखनात हा प्रसंग बहुधा नकोशा पाहुण्यासारखा येतो. भक्तिभावाने लिहिणाऱ्यांना ‘अल्लाची तलवार’ ऐन भरात म्यान का झाली, हे सांगणे अवघड जाते. मग उमरचा जुना वैयक्तिक आकस पुढे केला जातो. आपल्याकडील व्याख्यानांतून अरब विजयाचे जे चित्र रंगविले जाते, त्यात तर या प्रसंगाला जागाच नसते. वाळवंटातून धर्मवेड्यांची टोळधाड उठली आणि केवळ तलवारीच्या बळावर साम्राज्ये गिळून बसली, एवढ्यावर वक्ता टाळ्या घेतो आणि श्रोता निश्चिंत मनाने घरी जातो. परंतु टोळधाड आपल्या सर्वांत यशस्वी सेनापतीचा हिशेब तपासत नसते. सातव्या शतकातील तो झंझावात ज्याला खरोखर समजून घ्यावयाचा आहे, त्याने खालिदच्या विजयांपेक्षा त्याच्या बडतर्फीकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

खालिद हा जातिवंत घोडेस्वार. कुरैश जमातीतील बनू मखझूम हे त्याचे घराणे श्रीमंत आणि लढाऊ. 625 मधील उहुदच्या लढाईत तो इस्लामच्या विरुद्ध बाजूस होता. टेकडीवर नेमलेले मुस्लिम तिरंदाज लुटीच्या मोहाने जागा सोडून खाली उतरले. ती फट खालिदने नेमकी हेरली आणि पिछाडीवर घोडदळ घालून शत्रूच्या हातातोंडाशी आलेला विजय हिरावून घेतला. चार वर्षांनी तो मदीनेस गेला, इस्लाम स्वीकारला, आणि त्याच वर्षी मुता येथे तीन सेनापती एकामागून एक पडल्यावर निशाण हाती घेऊन त्याने उरलेले सैन्य सुखरूप परत आणले. ‘अल्लाची तलवार’ ही पदवी परंपरेने या मुताच्या मोहिमेशीच जोडलेली आहे. म्हणजे ती मिळाली ती एका कुशल माघारीसाठी! चित्रपटी पराक्रमाच्या चाहत्यांना हे रुचणारे नाही.

या माणसाच्या कीर्तीवर दोन डाग फार लवकर पडले. 630 मध्ये बनू जझीमा या जमातीने शस्त्रे खाली ठेवल्यानंतरही खालिदने त्यांच्यापैकी अनेकांची कत्तल केली. खुद्द पैगंबर महंमदांनी या कृत्याशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले आणि अलीला पाठवून मृतांची भरपाई दिली. दुसरा डाग त्याहून गडद आहे. 632 मध्ये पैगंबरांच्या निधनानंतर अरबस्तानातील अनेक जमातींनी मदीनेस कर देणे नाकारले. तमीम जमातीच्या यर्बू शाखेचा सरदार मालिक बिन नुवैरा हा त्यांपैकी एक असल्याचा आरोप होता. बुताह येथे तो आपल्या माणसांसह पकडला गेला. या लोकांनी अजान दिली, नमाज पढला, तेव्हा ते मुसलमानच आहेत, अशी साक्ष खालिदच्याच सैन्यातील अबू कतादाने दिली. तरीही मालिकचा शिरच्छेद झाला आणि खालिदने त्याच्या विधवेशी विवाह केला. अबू कतादा सैन्य सोडून मदीनेस गेला. खालिदच्या हाताखाली पुन्हा लढणार नाही, अशी त्याने शपथ घेतली. उमर संतापला. पगडीत बाण खोचून मशिदीत आलेल्या खालिदचे ते बाण त्याने उपसून मोडून टाकले आणि त्याला बडतर्फ करण्याची मागणी केली. तेव्हाचा खलिफा अबू बकर याने मालिकच्या रक्ताची भरपाई दिली, कैदी परत केले. पण देवाने उपसलेली तलवार आपण म्यान करणार नाही, असे सांगून सेनापती कायम ठेवला. मालिकचा भाऊ मुतम्मिम याने भावासाठी रचलेली विलापगीते अरबी साहित्यात अजरामर झाली आहेत. खालिदच्या अनेक चरित्रकारांना मात्र या मृत्यूसाठी दोन ओळी पुरतात.

हे सारे सांगणारे लोक इस्लामचे शत्रू नव्हते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. नवव्या-दहाव्या शतकातील तबरी किंवा बलाझुरी हे श्रद्धावान मुस्लिम इतिहासकार. इराकच्या मोहिमेत उल्लैस येथे, जय मिळाल्यास नदी शत्रूच्या रक्ताने वाहवीन, अशी शपथ खालिदने घेतली आणि ती पाळण्यासाठी शरण आलेल्यांना नदीकाठी आणून मारण्यात आले, हेही तबरीच सांगतो. त्याने दिलेला सत्तर हजारांचा आकडा अतिशयोक्त आहे, हे उघड आहे. पण ज्यांनी हजार वर्षांपूर्वी अशा गोष्टी न झाकता लिहून ठेवल्या, त्यांचे नाव सांगणाऱ्या आजच्या विद्वानांनी त्या गिळाव्यात, यास इतिहासलेखन म्हणत नाहीत. सलोख्यासाठी सत्य झाकावे लागते, असे मानणे हा वाचकाच्या विवेकबुद्धीचा अपमान आहे.

आता साम्राज्यांकडे वळावे. 633 मध्ये युफ्रेटिसकाठच्या हीरा नगरीपुढे खालिद उभा राहिला आणि थोड्याशा प्रतिकारानंतर नगरीने खंडणी कबूल करून तह केला. येथे थांबून विचारले पाहिजे की, इराणच्या या उंबरठ्यावर राखणदार कोठे होता? हीराचे लख्मी राजघराणे हे ख्रिस्ती अरबांचे. पिढ्यान्‌पिढ्या वाळवंटाच्या बाजूने सासानी साम्राज्याची सीमा सांभाळणे हेच त्याचे काम. इसवी सन 602 च्या सुमारास सम्राट खुस्रो परवेझने स्वतःच त्या घराण्याचा राजा नुमान यास कैद करून मारले आणि ते राज्य मोडून टाकले. राखणदाराला घरधन्यानेच संपविले, त्याला तीस वर्षे लोटली होती! त्याच सुमारास सुरू झालेले रोम आणि इराण यांचे युद्ध 628 पर्यंत चालले. 614 मध्ये इराण्यांनी जेरुसलेम लुटले, पुढे सम्राट हिरॅक्लियस उलट इराणच्या गाभ्यात शिरला. अखेरीस खुस्रोला त्याच्याच मुलाने ठार केले. त्या मुलाने भाऊही मारले आणि काही महिन्यांत तो स्वतःही मेला. पुढील चार वर्षांत राजे आणि राण्या मिळून अनेकजण सिंहासनावर बसले आणि उतरले. शहरबराझ नावाच्या विजयी सेनापतीने 630 मध्ये सरळ मुकुटच डोक्यावर ठेवला. सुमारे चाळीस दिवसांत त्याचाही खून झाला. खालिद सीमेवर आला तेव्हा इराणच्या गादीवर यज्दगर्द हा कोवळा मुलगा होता.

रोमन बाजूची अवस्था वेगळी नव्हती. सीरिया व इजिप्तमधील बहुसंख्य ख्रिस्ती ज्या पंथाचे होते, तो पंथ कॉन्स्टँटिनोपलच्या दृष्टीने पाखंडी होता. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या वादापायी त्यांच्या बिशपांचा छळ होत होता. दीर्घ युद्धाने रिकाम्या झालेल्या खजिन्यातून सीमेवरील अरब टोळ्यांना दिली जाणारी तैनातही बंद झाली होती. तरीही हिरॅक्लियसने मोठी सेना उभी केली. ग्रीक, आर्मेनियन, घस्सानी अरब अशी ती मिश्र फौज आणि तिच्या सेनानींत एकमेकांविषयी संशय. ऑगस्ट 636 मध्ये यर्मूक नदीच्या खोऱ्यात सहा दिवस युद्ध झाले आणि शेवटच्या दिवशी खालिदच्या घोडदळाने तिला दऱ्यांच्या कडेला दाबून चिरडले. दोन वर्षांपूर्वी इराकहून निर्जल वाळवंट पार करून सीरियात उतरण्याची त्याची कूचही अशीच अचाट. उंटांना भरपूर पाणी पाजून, त्यांची तोंडे बांधून, वाटेत एकेक उंट कापून त्याच्या पोटातील पाण्यावर घोडे जगविले, असे वर्णन आहे. सेनापती म्हणून त्याची योग्यता नाकारण्याचे कारण नाही.

पण नेमके येथेच भाबडे चरित्रकार घसरतात. यर्मूकच्या वेळी खालिद सरसेनापती नव्हताच. 634 मध्ये अबू बकरचे निधन होऊन उमर खलिफा झाला आणि त्याने सीरियाचे नेतृत्व खालिदकडून काढून अबू उबैदाकडे दिले. खालिद दुय्यम अधिकारी म्हणून लढला आणि जिंकला. 638 मध्ये तेही पद गेले. त्या वेळी उमरने प्रांतोप्रांती कळविले की, ही बडतर्फी रागापोटी किंवा विश्वासघातामुळे नव्हे; लोक या माणसाने भारावून गेले आहेत, विजय देवाचा आहे हे विसरून ते त्याच्यावरच विसंबतील, ही भीती आहे. एवढ्या मोठ्या सेनानीने बंडाचे निशाण उभारले नाही, त्याच्या सैनिकांनी तलवारी उपसल्या नाहीत. आणि विजय थांबले का? 639 ते 642 या काळात अम्र बिन आसने इजिप्त घेतला. 642 मध्ये नुमान बिन मुकर्रिनच्या सैन्याने निहावंद येथे इराणचे उरलेसुरले बळ मोडले. नुमान त्या लढाईत पडला तरी सैन्य डगमगले नाही. खालिदवाचून काहीही अडले नाही. ज्या वर्षांत इराणचा सेनापती मुकुट चोरीत होता आणि रोमचे सेनानी परस्परांवर संशय घेत होते, त्याच पिढीत मदीनेतील मुलकी सत्ता आपल्या सर्वश्रेष्ठ योद्ध्याला एका पत्राने घरी पाठवू शकत होती. अरब विजयाचे कोडे येथे उलगडते. या व्यवस्थेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. तिने जिंकलेल्यांवर जिझिया लादला, शेजाऱ्यांची राज्ये पुसली. पण जी गोष्ट पराभूतांपाशी नव्हती आणि जेत्यांपाशी होती, तिला धर्मवेड म्हणून झटकून टाकणे ही स्वतःचीच फसवणूक होय.

याच उमरच्या हुकमतीचा एक दाखला थेट कोकण किनाऱ्याशी निगडित आहे. बलाझुरी सांगतो की, हिजरी 15 च्या सुमारास, म्हणजे यर्मूकच्याच काळात, बहरीन व ओमानचा सुभेदार उस्मान बिन अबिल आस याने ठाण्यावर आरमारी स्वारी पाठविली. भारतभूमीवरील ही पहिलीच नोंदलेली अरब स्वारी. सैन्य परतल्यावर सुभेदाराने मोठ्या उत्साहाने खलिफाला कळविले. उत्तरात शाबासकी नव्हती. माणसांना समुद्रावर पाठविणे म्हणजे किड्याला लाकडाच्या तुकड्यावर बसविण्यासारखे आहे, आणि ती बुडाली असती तर तेवढीच माणसे तुझ्या जमातीतून वसूल केली असती, असे उमरने खडसावले. सेनानीने परस्पर केलेला पराक्रमही त्याला मान्य नव्हता.

खालिदचे नाव आज सर्वाधिक मिरविणाऱ्यांपैकी एक म्हणजे पाकिस्तानचे लष्कर. 2001 मध्ये त्याच्या सेवेत दाखल झालेल्या रणगाड्याचे नाव ‘अल् खालिद’. त्या वेळी देशाची सूत्रे होती जनरल मुशर्रफ यांच्या हाती. ऑक्टोबर 1999 मध्ये पंतप्रधान नवाझ शरीफ यांनी या लष्करप्रमुखांना पदावरून दूर करण्याचा हुकूम काढला. काही तासांत लष्करप्रमुख सत्तेवर आणि पंतप्रधान कैदेत! त्यापूर्वी 1958 मध्ये अयूब खान आणि 1977 मध्ये झिया उल हक यांनी हेच केले होते. खालिदचे नाव पोलादावर कोरणाऱ्यांनी त्याच्या चरित्राचे शेवटचे प्रकरण फाडून टाकले आहे. पगडीने बांधला गेल्यावर निमूट उभा राहणारा खालिद त्यांना नको आहे. त्यांना हवा आहे तो शहरबराझ!

खालिद 642 मध्ये, बहुतेक वृत्तांतांनुसार होम्स येथे, अंथरुणावर मरण पावला. अंगावर वीतभर जागा जखमेवाचून नसताना उंटासारखे बिछान्यावर मरावे लागते, याची खंत त्याने बोलून दाखविली असे सांगतात. मागे उरले ते घोडा, शस्त्रे आणि एक गुलाम. त्याच्या नावाची होम्समधील मशीद आणि तेथील कबर 2013 मध्ये सीरियाच्या यादवी युद्धात तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त झाली. पुढे मशिदीची डागडुजी करण्यात आली.

मदीनेची ती शिस्तही फार टिकली नाही. उमरचा खून 644 मध्ये झाला, त्याच्यामागून आलेल्या उस्मानचा 656 मध्ये, आणि मग मुसलमानांची सैन्ये एकमेकांवर तुटून पडली. खालिदचा मुलगा अब्दुर्रहमान पुढे होम्सचा सुभेदार झाला. सीरियात त्याची लोकप्रियता बापासारखीच वाढत चालली, हे दमास्कसच्या खलिफा मुआवियाच्या डोळ्यांत खुपू लागले. यावेळी ना सभा भरली, ना हिशेब मागितला गेला. 666 मध्ये एका वैद्याकरवी त्याला विष देण्यात आले, असे तबरीने लिहून ठेवले आहे.