पायांनाही विचारावे

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता पुण्याच्या भाच्याने मला बुटांचा एक जोड भेट दिला. तळ अगदी पातळ, टाच मुळीच उंच नाही आणि पुढचा भाग बदकाच्या चोचीसारखा रुंद. “मामा, हे घालून गड चढा, पायांना पाय असल्याची जाणीव होईल,” असे तो म्हणाला. जाणीव झाली खरी! पुढच्याच रविवारी मी ते घालून राजहंसगड चढलो आणि उतरताना उत्साहाच्या भरात धावलोही. सोमवारी शाळेचा जिना कठडा धरून चढावा लागला. आठवड्याने डॉक्टरांनी निदान केले की, पंजाच्या हाडावर ताण पडला आहे. सहा आठवडे डोंगर बंद. दरवर्षीची विद्यार्थ्यांची गडसहल माझ्यावाचून गेली. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण तीस वर्षे वर्गात शिकविणाऱ्याला ती अशी समजावी, याची मौज मुलांनीही घेतली.

सक्तीच्या विश्रांतीत या विषयाचे वाचन झाले. नेहमीच्या धावण्याच्या बुटांत टाच पंजापेक्षा बहुधा दहा-बारा मिलिमीटर उंच असते. या बुटांत दोन्ही एका पातळीत असतात. त्यामुळे पोटरी आणि टाचेमागची शीर यांना अधिक ओढ सोसावी लागते. हार्वर्डचे डॅनिएल लीबरमन यांनी २०१० साली दाखविले की, अनवाणी धावण्याची सवय असलेले लोक बहुधा पायाचा पुढचा भाग आधी टेकवितात व त्यामुळे टाच आपटण्याचा धक्का टळतो. मात्र ही सवय लहानपणापासूनची असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांत पातळ बुटांकडे वळलेल्या धावपटूंपैकी अनेकांच्या पायांच्या हाडांत ताणाची सूज आढळली. माझी कथा त्याचीच छोटी आवृत्ती!

इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकला, हे सर्वांना ठाऊक असते. १९६४ साली टोकियोत तोच बूट घालून जिंकला, हे सहसा कोणी सांगत नाही. तेव्हा वाद अनवाणी की सबूट असा नसून, कोणता पाय, कोणती वाट आणि किती सराव, असा आहे.

सपाट तळाचे आम्हां सीमाभागातील लोकांना नवल नसावे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यांत आपला बेळगावही आहे. पण कोल्हापुरीला टाचेमागे पट्टा नसतो आणि ओल्या दगडावर चामडे निसरते. गडाच्या उतारासाठी ती नव्हे.

बूट निवडताना संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढावी. बुटाचा आतला तळ त्या रेघेहून अरुंद असेल तर तो जोड परत ठेवावा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, पण टाच घट्ट बसावी, नाहीतर उतरताना बोटे पुढे आपटतात. बूट हाताने सहज वाकला व पिळला गेला पाहिजे. आपल्याकडच्या शेवाळलेल्या जांभ्या दगडावर आणि चिखलावर तळाचे खोल दातेच आधार देतात. टोकदार खडीची वाट असेल तर जरा जाड तळ घेण्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्याची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज असले बूट घेऊ नयेत. पातळ तळ सांगतो ते ऐकणारा पाय हवा. काटा रुतल्याचे कळलेच नाही, तर जखम चिघळते.

इतरांनी प्रारंभी दहा मिनिटे, तीही सपाट जमिनीवर, नुसते चालावे. काही आठवड्यांनी वेळ वाढवावा. पाठीवर ओझे आणि उतारावर धावणे सर्वांत शेवटी. दुसऱ्या दिवशी पोटरी कुरकुरली तर थांबावे, पंजाचे हाड दुखले तर डॉक्टर गाठावा.

सध्या मी सकाळी प्रार्थनेपूर्वी शाळेच्या मैदानाला त्याच बुटांनी दोन फेऱ्या मारतो. सातवीतला एक विद्यार्थी रोज घड्याळ लावून बसतो आणि दहा मिनिटे झाली की, “सर, पुरे!” म्हणून ओरडतो. यंदाच्या सहलीला मला न्यायचे की नाही, हे त्यानेच ठरवायचे आहे.