यजमान कोण, पाव्हणा कोण?

पावणे गावाला नवी मुंबईत पाव्हण्यासारखे वागविले जाते. वास्तविक यजमान तेच! १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, आगरी-कोळ्यांची भातशेती गेली. १९७० साली सिडको आली. तिने शहर आखले ते गावठाण वगळून. पिढ्या वाढल्या, गावठाण तेवढेच राहिले. मग गरजेपोटी बांधलेली खोली ‘अनधिकृत’ ठरली आणि वर गावालाच बकाल म्हणावयाचे! वाचकहो, हा कुठला न्याय? नुसते मनोरे उभारून गाव सुधारत नसते. आधी गावठाणाची हद्द मोजा, घर ज्याचे त्याच्या नावे करा, कारखान्यांचे मैले पाणी खाडीपासून दूर ठेवा. मग गाव आपले अंगण आपणच सारवील!