फरशीखाली चाललेल्या पाऊलखुणा

२०२१ मध्ये भीमबेटकाच्या गुहेत ‘डिकिन्सोनिया’ या आदिम जीवाचा जीवाश्म सापडल्याची वार्ता देशभर गाजली. २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की तो मधमाश्यांच्या पोळ्याचा अवशेष होता. चूक दुरुस्त झाली, विज्ञानाची रीतच ती. माझा आक्षेप आपल्या कुतूहलावर आहे. नसलेल्या जीवाला मथळे मिळाले. दुलमेराचे नाव मात्र भूविज्ञानाच्या किती विद्यार्थ्यांनी ऐकले आहे?

राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यात दुलमेरा येथे तांबड्या वालुकाश्माच्या खाणी आहेत. लालगढ राजवाड्याचा दगड इथलाच. याच नागौर वालुकाश्मातील संधिपाद प्राण्यांच्या खुणांचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, कँब्रियन काळात, उथळ समुद्राच्या तळावर ट्रायलोबाइट किंवा तत्सम प्राणी गाळ उकरीत सरकले. त्यांचा दुहेरी चर म्हणजे ‘क्रुझियाना’. ते जिथे थबकले, तिथला कॉफीच्या बीसारखा खळगा म्हणजे ‘रुसोफायकस’.

‘प्राणी कुठे आहे? नुसत्या ओरखड्यांचे काय कौतुक?’ हा प्रश्न मला अडाणीपणाचा वाटतो, मग तो पदवीधराने विचारलेला का असेना. ट्रायलोबाइट वाढताना कवच टाकून देत; ते कवच लाटांबरोबर कुठेही वाहून जाई. खूण जागा सोडत नाही. ती त्याच ठिकाणी वावरलेल्या जिवंत प्राण्याची असते.

आणि नेमकी हीच खूण सर्वांत आधी नष्ट होते. खळग्यात वरून वाळू भरते, तिचा दगड होतो. त्यामुळे खूण बहुधा थराच्या खालच्या पृष्ठावर उंचवटा होऊन उरते. फरशी घडवणाऱ्याच्या दृष्टीने तो उंचवटा म्हणजे दोष. तो घासून काढला, की विषय संपला. घडवणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला कोणी काही सांगितलेलेच नाही.

अशा खुणेला छिन्नीची गरज क्वचितच असते. मऊ ब्रशने धूळ झाडावी, तिरप्या प्रकाशात छायाचित्रे घ्यावीत, दगड सोसणारा असेल तर लेटेक्सचा साचा काढावा. खरे काम त्याआधीचे आहे: शिळा हलण्यापूर्वी थर कोणता, वरची बाजू कोणती, उत्तर कुठे, हे तिच्यावर आणि वहीत लिहिणे. ही नोंद नसलेली शिळा संग्रहालयात पोचली, तरी प्राणी कोणत्या दिशेने चालला होता हे ती कधीच सांगू शकणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा विधेयकाचा मसुदा मांडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या हाती अतोनात अधिकार एकवटतात, हा त्यावरील आक्षेप रास्तच होता. पण राज्यांनी दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण काय? इमारती दगड हे गौण खनिज आहे आणि १९५७ च्या खनिज कायद्याने त्याचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. नक्षीदार पृष्ठाची शिळा फोडण्यापूर्वी तिचे छायाचित्र जवळच्या विद्यापीठाला पाठवावे, एवढी अट खाणपट्ट्यात घालता येत नाही? आणि शिळा दाखवणाऱ्या खाणकामगाराला तिच्या फरशीइतकी तरी किंमत रोख मिळायला हवी. नाहीतर त्याने ती का दाखवावी?