हरणारे संघ आणि देणारे हात

अमेरिकेतील विद्यापीठांना आपला फुटबॉल संघ हा प्रतिष्ठेचा प्रश्न वाटतो. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. शिरस्त्राण घालून, लांबट चेंडू हातात घेऊन, अंगाला अंग भिडवून खेळला जाणारा तो खास अमेरिकी खेळ आहे. संघ हरू लागला की प्रेक्षक पाठ फिरवतात, माजी विद्यार्थी देणगीचा हात आखडता घेतात आणि शेवटी नुकसान शिक्षणाचेच होते, असा युक्तिवाद तिथे वर्षानुवर्षे केला जातो. याच युक्तिवादाच्या आधारे प्रशिक्षकांवर पैशांची खैरात होते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर 2023 मध्ये जिम्बो फिशर या प्रशिक्षकाला मुदतीआधी काढले, तेव्हा करारापोटी त्याचे सुमारे 7 कोटी 60 लाख डॉलर देणे निघाले. हे पैसे त्याने शिकवावे म्हणून नव्हते, तर यापुढे शिकवू नये म्हणून होते!

प्रश्न असा आहे की, हा युक्तिवाद खरा आहे काय?

थोडा खरा आहे. मायकेल अँडरसन या अर्थतज्ज्ञाने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जिंकणाऱ्या संघांच्या विद्यापीठांकडे प्रवेशअर्ज आणि देणग्या वाढतात, असे दिसून आले. परंतु जोनाथन मीर आणि हार्वे रोझेन यांनी 2009 मध्ये एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांची वर्षागणिक तपासणी केली, तेव्हा चित्र बरेच वेगळे निघाले. जे पुरुष विद्यार्थिदशेत एखाद्या संघातून खेळले होते, त्यांच्या जुन्या संघाने गटाचे विजेतेपद मिळवले की त्यांची देणगी सुमारे 7 टक्क्यांनी वाढे. स्त्रियांच्या देणगीवर असा परिणाम दिसला नाही. आणि फुटबॉल-बास्केटबॉलच्या हारजितीचा एकूण देणग्यांवरील परिणाम नगण्य होता.

शिवाय ज्याला देणगी म्हणतात, ती सगळी देणगी असते असेही नाही. अनेक मोठ्या विद्यापीठांत सामन्याची चांगली जागा हवी असेल तर तिकिटाखेरीज क्रीडा निधीला आधी रक्कम द्यावी लागते. 2017 पर्यंत अशा रकमेच्या 80 टक्के भागावर करसवलतही मिळत असे. 2018 पासून ती बंद झाली. अशी देणगी संघ हरल्यावर आटली, तर त्यात नवल कसले? तो जागेचा भाव होता. ज्याला सामनाच बघायचा नाही, तो जागेचे पैसे कशाला भरेल? खेळातील रस आणि विद्यापीठाविषयीची कृतज्ञता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरणारा संघ पहिली मारतो. दुसरी मारण्याची ताकद त्याच्यात नाही.

याचा मोठा पुरावा आपल्याला जिव्हाळ्याच्या अशा एका विद्यापीठात सापडतो. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात तिथे शिकले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. या कोलंबियाचा फुटबॉल संघ 1983 ते 1988 या काळात सलग 44 सामने हरला, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसेल. देशभर त्याची टिंगल झाली. ऑक्टोबर 1988 मध्ये प्रिन्स्टनला 16-13 असे हरवले, तेव्हा कुठे ही मालिका तुटली. पुढे 2013 आणि 2014 या दोन हंगामांत तर या संघाने एकही सामना जिंकला नाही.

मग कोलंबियाची तिजोरी रिकामी झाली काय? अजिबात नाही. हरण्याच्या त्याच काळात, 1984 मध्ये, तिथे नवे क्रीडागार उभे राहिले आणि त्याला लॉरेन्स वीन या दानशूर माजी विद्यार्थ्याचे नाव मिळाले. 2006 मध्ये जाहीर झालेली निधी मोहीम 2013 मध्ये संपली, तेव्हा 600 कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली होती. याच मोहिमेत जॉन क्लूगे यांनी 2007 मध्ये 40 कोटी डॉलर देण्याचे वचन दिले, ते विद्यार्थ्यांच्या आर्थिक साहाय्यासाठी. क्लूगे हे जर्मनीतून लहानपणी अमेरिकेत आलेले, शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेले. त्यांनी मैदानावरचा गुणफलक बघितला नाही. आपल्याला कुणी शिकवले, याची आठवण ठेवली.

उलट बाजूही पाहा. रॉबर्ट क्राफ्ट या धनाढ्य माजी विद्यार्थ्याचे नाव कोलंबियाच्या मैदानाला आहे. 2007 मध्ये त्यांनी 50 लाख डॉलर दिले. संघ एकही सामना जिंकत नव्हता तेव्हाही त्यांचे नाते टिकले. एप्रिल 2024 मध्ये गाझा युद्धावरून विद्यार्थ्यांची निदर्शने पेटली, तेव्हा त्यांनी विद्यापीठाला मदत थांबवत असल्याचे जाहीर केले. आणि त्याच वर्षी कोलंबियाने 1961 नंतर प्रथमच आयव्ही लीगचे संयुक्त विजेतेपद मिळवले! पराभवाने न तुटलेले नाते विजयाच्या वर्षी तुटले. देणगी ही खेळावर नव्हे, तर देणाऱ्याच्या संस्थेशी असलेल्या नात्यावर उभी असते, हे यावरून स्पष्ट होते.

पण इथेच थांबलो तर अर्धेच सत्य हाती लागेल. कोलंबियाचा विक्रम मोडणारा एक संघ आहे. टेक्सास राज्यातील प्रेअरी व्ह्यू ए अँड एम हे कृष्णवर्णीयांसाठी 1876 मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ. त्याचा संघ 1989 ते 1998 या काळात सलग 80 सामने हरला. हे खेळाडू आळशी होते काय? नाही. पैशाअभावी विद्यापीठाला खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या बंद कराव्या लागल्या होत्या आणि 1990 चा हंगाम तर खेळलाच गेला नाही. कोलंबियाच्या लीगमध्येही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. परंतु ते धोरण म्हणून, आणि समोरचे प्रतिस्पर्धीही त्याच नियमाने बांधलेले. प्रेअरी व्ह्यूची मुले शिष्यवृत्ती देणाऱ्या संघांपुढे उभी होती.

पराभव दोघांचाही झाला, पण मागे आधाराला असलेली भिंत सारखी नव्हती. कोलंबियाच्या पाठीशी पिढ्यान्‌पिढ्या संपत्ती जमवलेले माजी विद्यार्थी होते. प्रेअरी व्ह्यूचे माजी विद्यार्थी कृतघ्न नव्हते. त्यांच्या आजोबा-पणजोबांना जमीन, कर्ज, नोकरी यांपासून दूर ठेवले गेले होते. ज्यांना संपत्ती जमवूच दिली नाही, त्यांच्या देणग्या कमी पडतात असे म्हणणे हा दांभिकपणा आहे. सरकारनेही हात दिला नाही. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांनी आणि कृषिमंत्र्यांनी 16 राज्यांच्या राज्यपालांना पत्रे लिहिली. तीन दशकांत कृष्णवर्णीयांच्या कृषी विद्यापीठांना मिळून 1200 कोटी डॉलरहून अधिक निधी कमी दिला गेला, असा त्यांचा हिशेब होता. एकट्या प्रेअरी व्ह्यूच्या वाट्याचे सुमारे 110 कोटी डॉलर त्यात होते. 2020 मध्ये मॅकेन्झी स्कॉट यांनी या विद्यापीठाला 5 कोटी डॉलर दिले. त्या त्याच्या माजी विद्यार्थिनीही नाहीत. आणि ज्या टेक्सास ए अँड एमने प्रशिक्षकाला घरी बसवण्यासाठी 7 कोटी 60 लाखांचे देणे ओढवून घेतले, ते प्रेअरी व्ह्यूच्याच विद्यापीठ समूहातले थोरले भावंड आहे! विषमता कशी दिसते, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

आता आपल्याकडे वळू. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंदची उभारणी सुरू केली. आपल्या महाविद्यालयांना फुटबॉलचा गुणफलक नाही, पण दुसरा आहे. निकाल, मूल्यांकनाची श्रेणी, वसतिगृहाची अवस्था, संचालकांतले वाद. हे आकडे घसरले की आपणही त्या प्रेक्षकासारखे उठून निघून जातो. संस्था आता पूर्वीची राहिली नाही, एवढे म्हटले की आपली जबाबदारी संपली, असे आपण मानतो. शिकलेल्या वर्गाविषयीची व्यथा बाबासाहेबांनी 18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत बोलून दाखवली होती. ती आजही आपला पाठलाग करते आहे.

पैसा डोळे मिटून द्यावा, असे कुणी म्हणणार नाही. हिशेब मागावा, विश्वस्तांना जाब विचारावा, देणगी थेट विद्यार्थ्याच्या शुल्कापर्यंत आणि पुस्तकापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहावे. तो माजी विद्यार्थ्याचा अधिकारच आहे. पण अधिकार त्याचाच, जो मैदान सोडून गेला नाही. आपल्या पिढीला पणजोबांची इस्टेट मिळाली नाही, हे खरे आहे. मात्र राखीव जागेने आणि शिष्यवृत्तीने पहिला पगार मिळवून दिला, हेही तितकेच खरे आहे. जिंकणाऱ्या संघामागे गर्दी आपोआप जमते. हरत असलेल्या संस्थेमागे उभे राहायला उपकारांची जाण लागते, आणि ती दाखवण्याची वेळ संस्था हरत असतानाच येते.