सौरघट स्वदेशी, शाई परदेशी

लग्नपत्रिका, कापडी फलक आणि पिशव्यांवरील स्क्रीन प्रिंटिंग शहरी वाचकांच्या चांगल्याच परिचयाचे आहे. चौकटीवर ताणून बसविलेली जाळी, तीवर ओतलेली शाई आणि रबरी पट्टीने ती शाई खालच्या कागदावर उतरविणारा कारागीर, असे या छपाईचे साधे रूप. जगातील बहुतांश सिलिकॉन सौरघटांच्या निर्मितीतील एक निर्णायक टप्पा नेमक्या याच पद्धतीने पार पडतो, ही बाब मात्र क्वचितच चर्चेत येते. फरक इतकाच, की तेथे शाई असते ती चांदीची. सौरऊर्जेतील स्वावलंबनाचा हिशेब मांडताना या शाईकडे झालेले दुर्लक्ष देशाला महागात पडण्याची चिन्हे आहेत.

सूर्यप्रकाशामुळे सिलिकॉनच्या पातळ चकतीत निर्माण होणारी वीज बाहेर आणण्यासाठी तिच्या पृष्ठभागावर धातूच्या बारीक रेषांचे जाळे लागते. रेषा रुंद झाल्या, तर त्यांची सावली पडून वीज कमी मिळते. नको तितक्या बारीक झाल्या, तर विजेला होणारा रोध वाढतो. १९७० च्या दशकाच्या मध्यास स्क्रीन प्रिंटिंगने या प्रश्नाला स्वस्त आणि वेगवान उत्तर दिले. एकेकाळी शंभर मायक्रॉनहून रुंद असलेल्या या रेषा आता तीस मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक झाल्या आहेत.

काचेच्या भुकटीचे गुपित

या छपाईचे खरे मर्म यंत्रात नसून पेस्टमध्ये आहे. चांदीची अतिसूक्ष्म भुकटी, काचेची भुकटी आणि त्यांना बांधून ठेवणारे सेंद्रिय द्रव्य यांचे ते मिश्रण असते. छपाईनंतर सौरघट सातशे ते आठशे अंश सेल्सिअसच्या भट्टीतून काही सेकंदांत पुढे सरकतो. तेवढ्या अवधीत वितळलेली काच वरचा परावर्तनरोधक थर भेदते आणि चांदीचा सिलिकॉनशी संपर्क घडवून आणते. काच कमी पडली तर संपर्क कच्चा राहतो. जास्त झाली तर घटच निकामी होतो. साहजिकच या मिश्रणाचे प्रमाण हे प्रत्येक उत्पादकाचे जपलेले गुपित असते.

एकेकाळी हे ज्ञान प्रामुख्याने पाश्चात्त्य आणि जपानी कंपन्यांकडे होते. चित्र वेगाने पालटले. अमेरिकेच्या ड्युपॉन्टने ‘सोलामेट’ या नावाने चालणारा आपला पेस्टचा व्यवसाय २०२१ मध्ये एका चिनी कंपनीला विकला. छपाई यंत्रांच्या क्षेत्रात दबदबा असलेली इटलीची बाचिनी ही कंपनी २००८ मध्ये अमेरिकी मालकीची झाली. पुढे या यंत्रांची बाजारपेठही मुख्यत्वे चीनकडे झुकली. सौर पॅनेलच्या निर्मितीतील सर्व प्रमुख टप्प्यांवर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्येच नोंदविले होते.

या पार्श्वभूमीवर भारताचे धोरण पाहावे लागेल. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेतून केंद्राने सौर क्षेत्रासाठी दोन टप्प्यांत २४ हजार कोटी रुपयांची तरतूद केली. देशाची सौरघट निर्मितीची क्षमता मार्च २०२४ मधील ९ गिगावॉटवरून मार्च २०२५ अखेर २५ गिगावॉटवर गेली. मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी पॅनेलपुरती मर्यादित न ठेवता सौरघटांनाही लागू करण्याचा आदेश डिसेंबर २०२४ मध्ये निघाला आणि त्यासाठी १ जून २०२६ ही तारीख निश्चित झाली. एक कोटी घरांच्या छतांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतील अनुदानासाठीही घट आणि पॅनेल दोन्ही देशी असण्याची अट आहे.

ही पावले योग्य दिशेने आहेत, यात शंका नाही. पॅनेलकडून घटाकडे आणि घटाकडून चकतीकडे टप्प्याटप्प्याने जाण्यात व्यवहार्यताही आहे. प्रश्न आहे तो ‘स्वदेशी’च्या व्याख्येचा. देशात तयार झालेल्या घटावरील चांदीची पेस्ट बहुतांशी आयात केलेली असली, तरी कागदोपत्री तो घट स्वदेशीच ठरतो. शिवाय पेस्ट टिकण्याची मुदत मर्यादित असते. त्यामुळे अडचणीच्या काळासाठी तिचा मोठा साठा करून ठेवणेही शक्य नाही.

दरवाढीची झळ

दुसरा प्रश्न थेट चांदीचा. सिल्व्हर इन्स्टिट्यूटच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये सौरघटांसाठी जगभरात १९.७६ कोटी औंस, म्हणजे सुमारे ६,१०० टन चांदी लागली. चांदीच्या एकूण मागणीचा हा जवळजवळ सहावा हिस्सा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने औंसामागे ५० डॉलरची पातळी ओलांडली आणि १९८० मधील उच्चांक मागे पडला. त्यातच नव्या ‘टॉपकॉन’ घटात दोन्ही बाजूंना चांदी लागत असल्याने दरवाढीची झळ अधिक तीव्र झाली.

एका वॅटमागे साधारण दहा मिलिग्रॅम चांदी धरली, तर २५ गिगावॉट क्षमतेच्या पूर्ण वापरासाठी वर्षाला सुमारे २५० टन चांदी लागेल. शंभर गिगावॉटसाठी हा आकडा हजार टनांवर जाईल. देशातील प्रमुख उत्पादक असलेल्या हिंदुस्थान झिंकने २०२३-२४ मध्ये ७४६ टन चांदीचे उत्पादन केले. म्हणजे सौरघटांची भूक एकट्यानेच देशातील खाणींची क्षमता ओलांडू शकते.

यावर उतारा म्हणून तांब्याकडे पाहिले जाते. तांबे स्वस्त आणि वीजवहनात चांदीच्या जवळपास असले, तरी भट्टीच्या तापमानाला ते गंजते आणि सिलिकॉनमध्ये शिरून घटाची कार्यक्षमता घटवते. कमी तापमानावर तयार होणाऱ्या घटांत चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची भुकटी वापरली जाते. विद्युतविलेपनाने थेट तांबे चढविण्याचाही पर्याय आहे. मात्र त्यात रासायनिक सांडपाण्याची जबाबदारी येते.

या संशोधनाचा पाया देशात नाही, असे म्हणता येणार नाही. १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-मेट’ संस्थेच्या पुण्यातील प्रयोगशाळेला इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या चांदीच्या पेस्टचा दीर्घ अनुभव आहे. मुंबईच्या आयआयटीत २०१० पासून राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्र कार्यरत असून तेथे सिलिकॉन सौरघट बनविण्याची सोय आहे. प्रयोगशाळेतील किलोभर पेस्ट आणि कारखान्याला अखंड लागणारी टनभर पेस्ट यांतील अंतर मात्र कुणी तरी भरून काढायला हवे. घटाचा उत्पादक अपरिचित पेस्ट वापरून आपली उत्पादनसाखळी धोक्यात घालणार नाही आणि मोठ्या मागणीशिवाय पेस्टचा उत्पादक उभा राहणार नाही, असा हा पेच आहे.

तो सोडवायचा असेल, तर प्रोत्साहन योजनांचे निकष केवळ गिगावॉटमध्ये न मोजता पेस्ट, जाळी आणि छपाई यंत्रांपर्यंत न्यावे लागतील. तसेच देशी पेस्टच्या चाचणीचा खर्च आणि जोखीम यांत सरकारला वाटेकरी व्हावे लागेल. अन्यथा छतावरील पॅनेलवर ‘भारतात निर्मित’ अशी मोहोर असेल. पण त्याची किंमत आणि पुरवठा यांची सूत्रे मात्र दुसऱ्याच कुणाच्या हाती राहतील.