प्रयोगातील देह आणि परिनिरीक्षणाची दृष्टी

मराठीत अश्लीलतेची चर्चा झाली ती प्रामुख्याने छापील शब्दाच्या निमित्ताने. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वरील खटले, मर्ढेकरांच्या 'काही कविता'वरील खटला, चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वरील आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात लेखकाच्या बाजूने निकालात निघालेला खटला, हे टप्पे आपल्या अभ्यासक्रमांतून वारंवार येतात. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते, हेही आपण अभिमानाने सांगतो. मात्र या सर्व खटल्यांत एक गोष्ट समान होती. मजकूर आधी वाचकापर्यंत पोचला होता आणि तो दोषी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षावर होती.

नाटक आणि चित्रपट यांना ही सवलत नाही. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. चित्रपट १९५२ च्या कायद्यान्वये प्रमाणपत्रासाठी केंद्रीय मंडळाकडे जातो. आपण निर्दोष आहोत हे येथे कलावंतानेच आधी पटवून द्यायचे असते. तेच वाक्य पुस्तकात असेल तर कुणाच्या परवानगीची गरज नाही. एखाद्या अभिनेत्रीच्या मुखातून येणार असेल तर मात्र आहे. हा भेद तांत्रिक आहे असे म्हणून सोडून देणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. त्याच्या मुळाशी जिवंत देहाविषयीचे, विशेषतः स्त्रीदेहाविषयीचे, भय आहे.

'सखाराम बाइंडर'चे उदाहरण या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. १९७२ साली कमलाकर सारंगांनी दिग्दर्शित केलेले तेंडुलकरांचे हे नाटक मोजक्याच प्रयोगांनंतर अडवले गेले. उच्च न्यायालयाने सारंगांच्या बाजूने निकाल दिला आणि त्या लढ्याची हकीकत त्यांनी 'बाइंडरचे दिवस'मध्ये लिहून ठेवली. नाटकामुळे विवाहसंस्थेला धक्का बसतो, भाषा असभ्य आहे, असे आक्षेप त्या काळी घेतले गेले. परंतु नुसते असभ्य बोलणे हे कारण पुरेसे वाटत नाही. द्व्यर्थी संवादांवर उभे असलेले चित्रपट मराठी प्रेक्षकाने त्याच दशकात मनमुराद पाहिले आणि त्यांना प्रमाणपत्रेही मिळाली. द्व्यर्थाची एक सोय असते. दुसरा अर्थ ऐकणाऱ्याने आपल्या मनात पुरा करायचा असतो, त्यामुळे बोलणारा नामानिराळा राहतो. शृंगारिक लावणीतही पदराआडून, नजरेतून, सूचकतेने इच्छा व्यक्त होते. रसिक ती ओळखतो आणि ओळखल्याच्या आनंदात सुरक्षित राहतो.

लालन सारंगांनी उभी केलेली चंपा ही सोय नाकारते. नवऱ्याला सोडून आलेली ही बाई देहाच्या व्यवहाराविषयी, भाकरी आणि दारू यांविषयी बोलावे तशा सुरात बोलते. त्या बोलण्यात लाडिकपणा नाही, तसा विलापही नाही. प्रेक्षकाने ओळखायचे असे ती काही शिल्लक ठेवत नाही. शेवटी सखाराम तिचा गळा दाबतो, म्हणजे रूढ नीतीच्या अपेक्षेप्रमाणे तिला 'शिक्षा'ही होते. तरीही नाटक थांबवले गेले. शिक्षा झाली की इच्छा दाखवायला हरकत नसते, हा आपल्या समीक्षेतील एक लाडका सिद्धांत आहे. तो येथे अपुरा पडतो.

अर्थात 'बाइंडर'ला लैंगिक आनंदाचे नाटक म्हणणे चुकीचे ठरेल. सखारामला सहन करण्यासाठी चंपाला दारू प्यावी लागते, हे विसरून चालणार नाही. लैंगिकतेविषयी मोकळेपणाने बोलणे वेगळे आणि लैंगिक सुख हे लज्जेचे कारण नाही असे मानून निर्मिती करणे वेगळे. या दुसऱ्या वृत्तीला मराठीत अद्याप धड शब्दही नाही. 'कामविषयक' म्हटले की वैद्यकाचा वास येतो, 'शृंगारिक' म्हटले की अलंकारशास्त्र आडवे येते, आणि बोलीतले शब्द शिव्यांनी बळकावले आहेत. वंदना खरे यांनी 'योनीच्या मनीच्या गुजगोष्टी' या नावाने ईव्ह एन्सलर यांच्या नाट्यकृतीचे मराठी रूप रंगभूमीवर आणले, तेव्हा शीर्षकातच हा पेच सोडवला. पहिला शब्द संस्कृत आणि ग्रंथातला, पुढचे दोन थेट माजघरातले. स्त्रिया परस्परांत कुजबुजतात ते तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर मोठ्याने बोलायचे, एवढीच ती कृती आहे. परंतु मराठी रंगभूमीच्या भाषेच्या इतिहासात तिची दखल कितीशी घेतली गेली? नाट्यसमीक्षेने याबाबत दाखवलेला संकोच परिनिरीक्षण मंडळापेक्षा फारसा निराळा नाही, हे आपण मान्य केले पाहिजे.

चित्रपटाच्या बाबतीत १९७० चा के. ए. अब्बास खटला पायाभूत मानला जातो. वेश्यावस्तीतील दृश्ये कापण्यावरून तो उद्भवला होता. सर्वोच्च न्यायालयाने पूर्वनियंत्रण वैध ठरवले. मात्र लैंगिकता आणि अश्लीलता या नेहमीच एक गोष्ट नसतात, हेही त्याच निकालात स्पष्ट केले. पुढील अर्धशतकात प्रशासनाने निकालाचा पहिला भाग आठवणीने पाळला, दुसरा सोयीने विसरला.

२०१७ साली गोव्यातील आंतरराष्ट्रीय महोत्सवात रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट भारतीय विभागाच्या प्रारंभी दाखवला जावा असे परीक्षक मंडळाने ठरवले होते. मंत्रालयाने 'न्यूड' आणि सनलकुमार शशिधरन यांचा 'एस दुर्गा' हे दोन्ही चित्रपट यादीतून वगळले आणि मंडळाचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. कलाविद्यार्थ्यांसमोर विवस्त्र बसून पोट भरणाऱ्या यमुनेची ही कथा. कलाशाळेच्या खोलीत तो देह अभ्यासाचा विषय असतो आणि त्यात कुणाला वावगे दिसत नाही. ती बसते कशासाठी, घरी काय सांगते, एवढे सांगू पाहणारा चित्रपट मात्र उंबरठ्यावर थांबवला गेला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये त्याला एकही काट न देता प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे आक्षेपार्ह असे त्यात काही नव्हतेच. पण महोत्सव होऊन गेला होता.

या विलंबाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला २०१७ मध्ये प्रमाणपत्र नाकारताना कथा स्त्रीकेंद्री असल्याचे कारण आधी नोंदवले गेले होते. अपिलीय न्यायाधिकरणाने ते फिरवले. त्या चित्रपटामागे निदान नाव असलेला निर्माता होता. एप्रिल २०२१ मध्ये ते न्यायाधिकरणच रद्द करण्यात आले आणि आता दाद मागायची तर उच्च न्यायालयात जावे लागते. स्वतःच्या बचतीतून किंवा मित्रांच्या उसनवारीतून चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाने वकिलाचे शुल्क कोठून आणावे? तो काट स्वीकारतो. अनेकदा तर पटकथा लिहितानाच ते प्रसंग गाळतो, आणि अशा गाळलेल्या प्रसंगांची नोंद कोठेच होत नाही.

स्त्रीच्या शोषणाचा मुद्दा येथे गांभीर्याने उपस्थित केला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. डान्स बारवरील २००५ च्या बंदीच्या वेळी स्त्री-चळवळीतही दोन तट पडले होते. परंतु त्या बंदीतून तारांकित हॉटेलांना वगळण्यात आले होते, हे विसरू नये. तोच नाच महागड्या दिवाणखान्यात झाला तर नीती ढळत नाही, असा त्याचा अर्थ होतो. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. नवे कायदे आणि नवे खटले २०१९ पर्यंत चालू राहिले. आणि परिनिरीक्षणाविषयी म्हणायचे तर, अभिनेत्रीने संमती दिली होती काय, करारात काय लिहिले होते, तिचे मानधन तिला मिळाले काय, चित्रीकरणाच्या वेळी ती 'नको' म्हणू शकत होती काय, यांपैकी एकही प्रश्न प्रमाणपत्र देणारे मंडळ विचारत नाही. ते केवळ पडद्यावर काय दिसते ते मोजते. शोषण झालेले असेल आणि ते दिसत नसेल, तर प्रमाणपत्र मिळण्यात अडचण नाही. कलावंत स्त्रीच्या संरक्षणासाठी ही यंत्रणा उभी आहे, या युक्तिवादात त्यामुळे काही तथ्य उरत नाही.

'गिधाडे'च्या प्रयोगात लुगड्यावरच्या लाल डागाला आक्षेप घेतला गेला, तेव्हा डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि परिनिरीक्षकांच्या आदेशानुसार निळा केलेला हा डाग प्रेक्षकांनी लालच समजावा, अशी सूचना प्रयोगापूर्वी देण्यास आरंभ केला. ही आठवण वर्गात सांगितली की विद्यार्थी हसतात, मीही हसतो. गेल्या सत्रात मात्र 'बाइंडर' शिकवताना एका विद्यार्थिनीने चंपाचे संवाद उभे राहून, अभिनयासह म्हणण्याची तयारी दाखवली. तोवर आठवडाभर तेच संवाद आम्ही बाकांवर बसून, पुस्तकात मान घालून निर्वेधपणे वाचत होतो. ती पुढे आली, तिने ओढणी खोचली आणि मी उठून वर्गाचे दार लावले. तास संपल्यावर तिने विचारले, "सर, दार का लावलंत?" व्हरांड्यात फार गोंगाट होता, असे मी तिला सांगितले.